अटलांटिकचे दुसरे दार

बेल्जियमचे क्षेत्रफळ अवघे 30,700 चौरस किलोमीटर; आपल्या महाराष्ट्राच्या एकदशांश म्हटले तरी चालेल. सकाळी न्याहारी करून ब्रुसेल्सला आगगाडीत बसलेला माणूस दुपारच्या जेवणापर्यंत देशाबाहेर सहज पोहोचतो. गाडीत डुलकी लागलीच, तर जागा होतो तो परक्या मुलखात. अशा देशात एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्यासाठी कोणी विमानाचे तिकीट काढणार नाही, हे उघड आहे. आणि तरीही 23 मे 1923 रोजी तेथे एक विमान कंपनी स्थापन झाली, ती 78 वर्षे टिकली आणि त्यांपैकी चोपन्न वर्षे तिची विमाने अटलांटिक महासागर ओलांडून न्यूयॉर्कला जात राहिली. तिचे लांबलचक फ्रेंच नाव कोणाच्या तोंडी बसले नाही. आद्याक्षरे जोडून झालेले 'सबेना' हेच जगाच्या ओळखीचे झाले.

विमाने हवी होती ती कांगोसाठी. बेल्जियमच्या पाऊणशे पट मोठा असा तो आफ्रिकेतील मुलूख प्रथम राजा दुसरा लिओपोल्ड याची खाजगी जहागीर होता. रबराच्या हव्यासापायी तेथील माणसांचे जे हाल झाले, त्यांचा बोभाटा जगभर झाल्यावर 1908 साली तो बेल्जियन सरकारकडे आला. वसाहत आणि मायदेश यांच्यामध्ये आगबोटीचा दोन-तीन आठवड्यांचा प्रवास. तो तुटावा म्हणून एदमाँ तिएफ्री नावाचा पहिल्या महायुद्धातील लढाऊ वैमानिक 12 फेब्रुवारी 1925 रोजी दोन सोबत्यांसह ब्रुसेल्सहून निघाला आणि 3 एप्रिलला लिओपोल्डव्हिलला उतरला. प्रवासाला 51 दिवस लागले. त्यांत प्रत्यक्ष उड्डाण सुमारे 75 तासांचे; बाकीचे दिवस मोडतोड, सुटे भाग आणि हवामान यांत गेले. पुढे 1929 साली कांगोतच एका विमान अपघातात त्याचा अंत झाला. त्याची वाट मात्र राहिली. 1935 च्या फेब्रुवारीपासून सबेनाची तीन इंजिनांची फोकर विमाने साडेपाच दिवसांत कांगो गाठू लागली. दुसऱ्या महायुद्धात खुद्द बेल्जियम जर्मनांच्या टाचेखाली होता, तेव्हा ही कंपनी आफ्रिकेतच जगली.

आफ्रिका हे सबेनाचे पहिले दार. तेथे मक्ता होता; जाणारा अधिकारी बेल्जियन, येणारा व्यापारी बेल्जियन, टपाल सरकारी. स्पर्धा म्हणावी अशी नव्हतीच. अटलांटिकचे दार मात्र अगदी निराळ्या जातीचे. तेथे मक्ता नव्हता, वसाहत नव्हती, आणि पुरेसे बेल्जियन उतारूही नव्हते. युद्ध संपले तेव्हा देशाची लोकसंख्या एक कोटीही नव्हती. मग हे दार उघडलेच कशाला?

याचे उत्तर शोधताना आगबोटींच्या काळाकडे पाहावे लागते. बेल्जियमच्या अँटवर्प बंदरातून 1873 ते 1934 या काळात 'रेड स्टार लाइन' या कंपनीची जहाजे अमेरिकेला जात. वीस लाखांच्या आसपास माणसे तिने पलीकडे पोहोचवली. पण हे लोक बहुतेक बेल्जियन नव्हतेच! ते पोलंडचे होते, रशियाचे होते, जर्मनीचे, हंगेरीचे होते. त्यांत छळाला कंटाळून निघालेले ज्यू फार मोठ्या संख्येने होते. गाठोडी घेऊन ते आगगाडीने अँटवर्पला येत. तेथे त्यांना न्हाऊ-माखू घालून, कपडे वाफारून, डॉक्टरांकडून तपासून जहाजावर चढवत. 1933 साली अल्बर्ट आइनस्टाइन अमेरिकेहून परतला तो याच मार्गावरील 'बेल्जेनलंड' जहाजाने. अँटवर्पला उतरल्यावर ब्रुसेल्सच्या जर्मन वकिलातीत जाऊन त्याने जर्मन नागरिकत्व सोडून दिले. अमेरिकेने 1921 आणि 1924 च्या कायद्यांनी परदेशी वस्तीला येणाऱ्यांवर निर्बंध घातले, तेव्हा या धंद्याचा कणाच मोडला. अँटवर्पच्या धक्क्यावर त्या जुन्या इमारतींत आता संग्रहालय आहे.

म्हणजे अटलांटिकवर बेल्जियन व्यवहार चालायचा तो दुसऱ्यांच्या माणसांवर. विमानांच्या युगातही हा नियम बदलला नाही. सबेनाची अटलांटिकवरची सारी कहाणी ही, शेजाऱ्यांच्या अंगणातील उतारू आपल्या दारातून कसा न्यावा, या खटपटीची कहाणी आहे.

युद्धानंतर शेजारी तर केव्हाच पुढे गेले होते. हॉलंडच्या केएलएमने 1946 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कची सेवा सुरू केली. त्याच उन्हाळ्यात एअर फ्रान्स निघाली. बेल्जियम मागे राहणे शक्य नव्हते. हातात डॉलर होते, कारण कांगोच्या तांब्याला आणि युरेनियमला गिऱ्हाईक होते. डग्लस कंपनीची चार इंजिनांची डीसी-4 विमाने आणली गेली. या विमानांत हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती, त्यामुळे ढगांच्या वर न जाता ढगांमधूनच वाट काढावी लागे. एका दमात ब्रुसेल्स ते न्यूयॉर्क जाणे त्यांना झेपणारे नव्हते. आयर्लंडच्या शॅननला इंधन घ्यायचे, मग सुमारे 3,200 किलोमीटर नुसते पाणी ओलांडून न्यूफाउंडलंडच्या गँडरला पुन्हा इंधन घ्यायचे, आणि तेथून न्यूयॉर्क. पश्चिमेकडून येणारा वारा सतत तोंडावर. उतारूच्या आयुष्यातला जवळपास अख्खा दिवस या प्रवासात जाई.

नियमित सेवा सुरू होण्यापूर्वीच या वाटेने बळी घेतला. 18 सप्टेंबर 1946 च्या पहाटे सबेनाचे एक डीसी-4 विमान गँडरला उतरण्याच्या बेतात असताना विमानतळापासून सुमारे पस्तीस किलोमीटरवर धुक्यात जंगलात कोसळले. विमानात 44 जण होते. निम्म्याहून अधिक मृत्युमुखी पडले. जागेचा शोध विमानातून लागला खरा, पण तेथे पोहोचणार कसे? भोवती दाट सूचिपर्णी झाडी आणि खाली पाय रुतणारी दलदल. एक अमेरिकन लष्करी डॉक्टर आपल्या तुकडीसह पायी वाट काढत पोहोचला, तेव्हा अठरा जण जिवंत होते. त्यांत विमानातील परिचारिकाही होती. त्यांपैकी बहुतेक भाजलेले, हाडे मोडलेले. डोल्यांवरून त्या दलदलीतून नेले असते तर वाटेतच गेले असते.

तेव्हा हेलिकॉप्टर हे यंत्र जवळजवळ खेळण्याच्या अवस्थेत होते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने आपली दोन हेलिकॉप्टरे उकलून, मोठ्या विमानांच्या पोटात घालून गँडरला आणली आणि तेथे पुन्हा जोडली. अपघाताच्या जागेजवळ दलदलीत ती बुडू नयेत म्हणून फळ्यांचे चौथरे रचण्यात आले. मग एकेका जखमीला उचलून जवळच्या तळ्यावर न्यायचे, आणि तेथून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने गँडरला पोहोचवायचे, असा क्रम चालला. अठराही जणांना बाहेर काढले. मृतांना तेथेच जंगलात पुरले. ते छोटे स्मशान आजही तेथे आहे. बेल्जियन सरकारने त्या हेलिकॉप्टर-चालकांना आपल्या देशाचे मानचिन्ह दिले.

या घटनेनंतर नऊ महिन्यांच्या आत, 4 जून 1947 रोजी, सबेनाची ब्रुसेल्स–न्यूयॉर्क सेवा सुरू झाली. पाठोपाठ दाब राखणारी डीसी-6 विमाने आली आणि उतारूंच्या कानांना जरा सुख लाभले.

आता शेजाऱ्यांचे उतारू आणण्याचा प्रश्न. 1953 साली सबेनाने एक विलक्षण गोष्ट केली. हेलिकॉप्टरने एका देशातून दुसऱ्या देशात उतारू नेण्याची नियमित सेवा जगात प्रथम तिने सुरू केली. गँडरच्या फळ्यांच्या चौथऱ्याशी तिचा संबंध जोडण्याचा मोह होतो. पण कारण साधे व्यापारी होते. ब्रुसेल्स शहराच्या मध्याजवळ हेलिकॉप्टरांसाठी तळ बांधला. तेथून अँटवर्प, रॉटरडॅम, लील, लिएज, मास्त्रिख्त, पुढे कोलोन अशा गावी सात उतारूंचे सिकोर्स्की यंत्र घरघरत जाऊ लागले. 1957 मध्ये ते पॅरिसलाही पोहोचले, तेही शहराच्या वेशीवरच, आणि आता यंत्र बारा जणांचे होते. रॉटरडॅमचा व्यापारी डच विमानासाठी ॲम्स्टरडॅमला जायचा, तो ब्रुसेल्सला यावा. कोलोनचा जर्मन फ्रँकफर्टऐवजी ब्रुसेल्सकडे वळावा, हा हिशेब. हिशेब कागदावर सुरेख होता. परंतु हेलिकॉप्टर उडवण्याचा खर्च आणि सात-बारा उतारूंचे भाडे यांचा मेळ कधी बसला नाही. 1966 साली ही सेवा बंद पडली. मला विचाराल तर सबेनाच्या सगळ्या इतिहासातील हे सर्वांत देखणे पान आहे, आणि तिच्या अडचणीचे सर्वांत स्पष्ट चित्रही तेच आहे.

1958 चे साल मात्र सोन्याचे उगवले. ब्रुसेल्सला जागतिक प्रदर्शन भरले. लोखंडाच्या अणूंची रचना कित्येक अब्ज पटींनी मोठी करून दाखवणारे 'अटोमियम' उभे राहिले, आणि झावेंतेमला नवे विमानगृह बांधले गेले. (शेजारच्या मेल्सब्रूकचा तळ जर्मनांनी युद्धकाळात वाढवला होता. जागा निवडताना त्यांनी गावकऱ्यांना विचारले आणि गावकऱ्यांनी मुद्दाम पंचक्रोशीतले सर्वांत धुकट शेत दाखवले, अशी तिकडे आख्यायिका आहे.) त्याच वर्षी युरोपीय आर्थिक समूहाचे काम ब्रुसेल्सला सुरू झाले. सरकारी फायली हाताळणारे, भाड्याची फिकीर न करणारे उतारू आता घरबसल्या मिळणार होते. 1960 च्या जानेवारीत बोइंग 707 हे जेट विमान सबेनाने न्यूयॉर्कच्या मार्गावर घातले. युरोपच्या मुख्य भूमीवरील कंपन्यांत जेटने अटलांटिक ओलांडणारी ती पहिली. जेथे दिवस लागत होता, तेथे आता आठ तास पुरू लागले.

आणि नेमक्या त्याच वर्षी पहिले दार बंद झाले. 30 जून 1960 रोजी कांगो स्वतंत्र झाला. आठवडा उलटत नाही तो तेथील सैन्यात बंड झाले आणि बेल्जियन कुटुंबे जीव घेऊन विमानतळांकडे पळत सुटली. न्यूयॉर्कच्या मार्गासाठी घेतलेली नवी कोरी जेट विमाने कांगोकडे वळवावी लागली. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसे भरून ती दिवसरात्र फेऱ्या करत होती. त्या काही आठवड्यांत सबेनाने हजारो माणसे सुखरूप आणली, यात शंका नाही. पण तिने आणले ते आपले कायमचे गिऱ्हाईक. परतीचे तिकीट त्यांतील फारच थोड्यांनी काढले. पुढच्या वर्षी कांगोची स्वतःची विमान कंपनी निघाली. आतापर्यंत अटलांटिक ही प्रतिष्ठेची बाब होती; आता ती पोटाची झाली.

15 फेब्रुवारी 1961. न्यूयॉर्कहून रात्री निघालेले सबेनाचे 707 सकाळी दहाच्या सुमारास ब्रुसेल्सवर आले. आभाळ स्वच्छ होते. विमान उतरण्याच्या बेतात असतानाच वैमानिकाने ते पुन्हा वर उचलले, काही फेरे घेतले, आणि मग ते बेर्ग नावाच्या खेड्याजवळ शेतात कोसळले. विमानातील 72 जण आणि शेतात काम करणारा एक शेतकरी जागच्या जागी ठार झाले. उतारू-सेवेतील बोइंग 707 चा हा पहिला प्राणघातक अपघात. सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला असावा असा तर्क झाला. निश्चित कारण कधीच ठरले नाही.

मृतांत अमेरिकेचा बर्फावरील स्केटिंगचा संपूर्ण संघ होता. अठरा खेळाडू, आणि शिक्षक, पंच, नातेवाईक धरून चौतीस जण. ते प्रागच्या जागतिक स्पर्धेसाठी निघाले होते. सोळा वर्षांची लॉरेन्स ओवेन ही अमेरिकेची नवी विजेती. त्याच आठवड्यातील एका मोठ्या क्रीडा साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचे हसरे छायाचित्र होते. तिच्याबरोबर तिची बहीण होती आणि आईही होती. ही आई आपल्या काळात नऊ वेळा राष्ट्रीय विजेती झालेली. एका घरातील तिन्ही बायका एका विमानात गेल्या. प्रागची स्पर्धा रद्द झाली. राजा बोदुआँ आणि राणी फाबिओला, ज्यांच्या लग्नाला पुरते तीन महिनेही झाले नव्हते, त्या शेतात जाऊन आली. अमेरिकेला हा खेळ नव्याने उभारावा लागला. मृत शिक्षकांपैकी एकाची शिष्या पेगी फ्लेमिंग हिने 1968 च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले, तेव्हा कोठे तो खड्डा भरू लागला.

विमान कंपनीच्या आयुष्यात असा अपघात झाला तरी दुसऱ्या दिवशीचे विमान सुटतेच. सबेनाचेही सुटले. माँट्रियल, मेक्सिको अशी नावे तिच्या वेळापत्रकात आली. 1970 नंतर दोन अजस्र बोइंग 747 आली. पण एवढे मोठे विमान भरायचे कोणी? सर्व कंपन्यांची भाडी त्या काळी आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवलेली, म्हणजे सगळ्यांची सारखी. आइसलँडची लॉफ्टलैदिर कंपनी त्या संघटनेबाहेर होती. ती 1955 पासून शेजारच्या लक्झेंबर्गला स्वस्तात उतारू आणून सोडी. पाठीवर पिशवी टाकलेली अमेरिकन पोरे तिने येत, आणि ब्रुसेल्स पाहायची ती आगगाडीने येऊन. इतरांचे उतारू पळवण्याच्या धंद्यात आपलेच उतारू शेजारी पळवतो, ही मौज सबेनाने वर्षानुवर्षे सोसली. 1978 नंतर तर अमेरिकन कंपन्यांना ब्रुसेल्सची दारे जवळजवळ मोकळी झाली आणि भाड्यांची जुनी बांधाबांध सुटली.

नफ्याची वर्षे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच. तोटा सरकार भरी. तिच्या नावाच्या अक्षरांचा चावट उतारूंनी इंग्रजीत अर्थ लावला होता, तो असा: 'इतका वाईट अनुभव, पुन्हा नाव नको'. वस्तुतः सेवा काही वाईट नव्हती. पण अशा थट्टेला खरेपणाची गरज नसते. 1966 साली कंपनीने चित्रकार रने माग्रित याच्याकडून एक चित्र काढून घेतले. रात्रीच्या काळोखावर पंख पसरलेला पक्षी, आणि त्याच्या अंगात मात्र ढगांचे दिवसाचे निळे आभाळ. जाहिरातींत तो पक्षी जगभर फिरला. कर्जबाजारी माणसाच्या घरात एखादी अस्सल पैठणी असावी, तसे ते चित्र कंपनीपाशी राहिले.

1995 साली सबेनाचा 49.5 टक्के वाटा स्वित्झर्लंडच्या स्विसएअरने घेतला. ही कंपनीही छोट्या देशाची आणि तिलाही इतरांचे उतारू हवेच होते. दोन उपाशी माणसांनी एकत्र स्वयंपाक मांडावा तशातला हा प्रकार. 1997 मध्ये एकदम 34 नव्या एअरबस विमानांची मागणी नोंदवली गेली. इतकी विमाने ब्रुसेल्सला नको होती, हे नंतर संसदेच्या चौकशीत पुष्कळ चघळले गेले.

याच सुमारास अटलांटिकवर एक नवा बेल्जियन गडी उतरला. व्हिक्टर हासाँ याने आपली आधीची विमान कंपनी इंग्रज उद्योगपती रिचर्ड ब्रॅन्सन याला विकली आणि 1996 मध्ये 'सिटीबर्ड' काढली. मोठी तीन इंजिनांची एमडी-11 विमाने, भाडे थोडके, आणि जायचे ते मायामी, ऑर्लँडो, लॉस एंजेलिस असल्या उन्हाच्या गावी. सबेनानेही तिची विमाने भाड्याने घेतली. स्वस्तात लांबचा प्रवास ही कल्पना पुढे इतरांनीही उचलली, तेव्हा हासाँला द्रष्टा म्हणायला हरकत नाही. पण विमानांचे हप्ते द्रष्टेपणावर फिटत नाहीत. ऑक्टोबर 2001 मध्ये सिटीबर्डचे दिवाळे वाजले.

त्याच महिन्यात, 2 ऑक्टोबरला, स्विसएअरची विमाने पैशाअभावी जागच्या जागी थांबली होती. सबेनाला तिच्याकडून ठरलेली रक्कम यायची होती. ती आलीच नाही. न्यूयॉर्कवरील 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अटलांटिकचे उतारू तसेही आटले होते. 7 नोव्हेंबर 2001 रोजी सबेना दिवाळखोर ठरली. सुमारे बारा हजार माणसांचा रोजगार तिच्यावर होता. तिचे शेवटचे विमान त्या दिवशी ब्रुसेल्सला उतरले, ते न्यूयॉर्कहून नव्हे. ते आले आफ्रिकेतून, आबिजानहून. माग्रितचा पक्षी 2003 साली लिलावात गेला आणि तीस लाख युरोंहून अधिक किमतीला विकला गेला.

तरी हौस फिटली नव्हती. 2002 मध्ये फ्रेडी व्हान गाव्हर या जुन्या जाणत्या विमान-उद्योजकाने आपल्या आद्याक्षरांची 'व्हीजी एअरलाइन्स' काढून ब्रुसेल्सहून न्यूयॉर्क, बॉस्टन, लॉस एंजेलिस गाठायला सुरुवात केली. लवकरच प्रवासी पेट्या बनवणाऱ्या एका फ्रेंच कंपनीने पैसे देऊन तिला आपले नाव दिले, 'डेल्सी'. नोव्हेंबर उजाडला तो तीही बंद. सुट्टीच्या उतारूंना कॅरिबियन बेटांवर नेणारी सोबेलएअर, सबेनाची जुनी धाकटी बहीण, 2004 च्या जानेवारीत गेली.

यानंतर ब्रुसेल्सच्या या दारातून जी माणसे जाऊ लागली, ती आपल्या ओळखीची आहेत. 5 ऑगस्ट 2007 पासून आपल्याकडील जेट एअरवेजने मुंबई–ब्रुसेल्स–नेवार्क असा मार्ग सुरू केला. मुंबई, दिल्ली, चेन्नईहून विमाने सकाळी ब्रुसेल्सला यायची, उतारूंची अदलाबदल व्हायची, आणि पुढे नेवार्क, न्यूयॉर्क, टोरोंटो. मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेले पुण्या-मुंबईचे कितीतरी आईबाप त्या विमानतळावर घटकाभर बाकावर बसले असतील, आणि परतताना चॉकलेटचे डबे घेऊन आले असतील. अँटवर्पच्या धक्क्यावरची गाठोडी आणि मेतकुटाच्या डब्यांनी फुगलेल्या या पेट्या यांच्यात अंतर पुष्कळ आहे. पण दार तेच, आणि त्यातून जाणारे पुन्हा परकेच. 2016 च्या मार्चअखेर जेटने हा मुक्काम ॲम्स्टरडॅमला हलवला. ते आधीच ठरलेले होते. मात्र निघण्याच्या पाचच दिवस अगोदर, 22 मार्चला, झावेंतेमच्या विमानगृहात बाँबस्फोट झाले आणि जखमींत जेटचे कर्मचारीही होते. एप्रिल 2019 मध्ये जेटची विमानेही थांबली.

सबेनाच्या राखेतून 2002 साली जी नवी बेल्जियन कंपनी उठली, तिने लांबच्या मार्गांत प्रथम आफ्रिकाच हाती घेतली. न्यूयॉर्कला तिचे विमान गेले दहा वर्षांनी, 2012 च्या जूनमध्ये, आणि तोवर तिच्या भांडवलात जर्मनीच्या लुफ्तान्साचा हात शिरलेला होता.